काठी कोणत्या हातात

मीरा रोड
१९ जानेवारी २०२५, रविवार

शैला,

आशीर्वाद पाठवते, घ्यायचे की नाही ते तू बघ. फोन तू उचलत नाहीस आणि माझा मेसेज एकाच टिकवर अडकून बसतो. सुरुचीला दाखवलं तर म्हणाली, आजी, आत्याने तुला ब्लॉक केलंय. मी म्हटलं बरं, मग पोस्टमनला कसा ब्लॉक करते बघू. तुझा अमरावतीचा पत्ता तिनेच दिला. तिच्यावर रागावू नको, माझ्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही.

अक्षर वाकडं आहे. चौथीत पाटी सुटली ती सुटलीच. त्यापुढचं माझं शिक्षण म्हणजे तू वाणसामानाच्या यादीतल्या माझ्या चुका काढायचीस तेवढंच. ‘आई, गूळ दीर्घ असतो.’ मी म्हणायचे, गोड लागल्याशी कारण. आताही लाल पेन घेऊन वाचायला बसलीस तरी चालेल. तेवढं वाचून तर होईल.

तर बातमी अशी की मला लोक टीचर म्हणतात. हसलीस ना? मीपण हसले. यांच्या फोटोला सांगितलं तर हेसुद्धा हसल्यासारखे वाटले.

सुरुवातीपासून सांगते. सुरुचीने बँकेतली नोकरी सोडली हे तुला माहीत असेल. नीरज आणि मिनल तिकडे पुण्यात कपाळाला हात लावून बसले. मुलीला इंजिनियर केलं ते डोक्यावर उभं राहायला का, असं मिनल म्हणाली. पोरगी बॅग घेऊन माझ्याकडे आली, बोरिवलीला योगशिक्षिकेच्या कोर्सला जायला लागली. तिच्या वर्गातली मुलं म्हणजे नुसती रबर. सुरुची म्हणाली, आजी, वाकणाऱ्याला वाकवण्यात काय मोठेपणा? जिला खाली बसताच येत नाही तिला शिकवता आलं तर मी टीचर. आणि माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. झालं. मी तिची प्रॅक्टिस.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावायची आणि तिच्यावर बसून सगळं करायचं. संस्कृत नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी माझी ठेवली. पुढे वाकायचं ते ‘कपाटाखाली लाटणं गेलं’. हात वर करून बाजूला ताणायचा तो ‘वरच्या फळीवरचा डबा’. कमरेतून मागे वळायचं ते ‘रिक्षात मागून हाक आली’. सुरुची हसून लोळायची. मग तिने ती नावं तिच्या वहीत लिहून घेतली, आणि परीक्षेत सांगितली म्हणे. तिच्या बाईंना फार आवडली. बघ, चौथी पास बाईचं नाव कोर्सला लागलं.

पुढचं बर्नडेटमुळे झालं. बर्नडेट म्हणजे उत्तनची, आमच्या गेटवर वीस वर्षं मासळी आणते. तिची मान वळेना. पाटी डोक्यावर वाहून मान म्हणजे खांब झालेली. सुरुचीने तिला वॉचमनच्या स्टुलावर बसवून दहा मिनिटं मान आणि खांदे करवले. दुसऱ्या दिवशी बर्नडेट म्हणाली, ‘पोरी, आमच्यान ये. आमच्या सगळ्या बायांचं आंग दगड झालंय.’ तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी, बाजार आटपल्यावर चार वाजता, तिच्या अंगणात वर्ग भरतो. सहा बाया, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. बाजूला बोंबील वाळत असतात. दीर्घ श्वास घ्या म्हटलं की मला तेवढा त्रास होतो, त्यांना नाही.

माझी काळजी करू नको. घर भरलेलं असतं. सुरुची आहे, तिची बडबड आहे, दोघींचं जेवण करायचं म्हणजे दिवस कसा जातो कळत नाही.

तुझी आई


९ फेब्रुवारी २०२५, रविवार

शैला,

उत्तर नाही आलं. मी वाट बघत नव्हते, फक्त खालची पत्रपेटी रोज उघडत होते.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं, ते खोडते. सुरुची घरात नाही. चार जानेवारीलाच गेली, केरळात एका हॉटेलात योगा शिकवायची नोकरी लागली तिला. तुला लिहिलं तेव्हा ती जाऊन पंधरा दिवस झाले होते. एकटी आहे असं लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारी आता गळे काढायला लागली. म्हणून मीच घर भरून टाकलं.

जाताना तिला वाईट वाटत होतं ते माझं नाही, उत्तनच्या वर्गाचं. आता यांचं कसं होणार म्हणून निघायच्या आठवड्यातल्या मंगळवारी डोळ्यांत पाणी. तेव्हा बर्नडेट माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘ही हाय ना. हिला सगळं येतं, आनि हिचे गुडघे आमच्यासारखेच.’ मी म्हटलं, अगं मी काय शिकवणार, माझ्याकडे कागद नाही. बर्नडेट म्हणाली, ‘मासळी विकायला आमच्याकडे कुठला कागद हाय?’

सुरुचीने तीन दिवस मला तयार केलं. काय करायचं नाही ते जास्त शिकवलं. मान मागे टाकायची नाही, बीपीवालीला श्वास कोंडायला सांगायचा नाही, दुखलं की थांबायचं. दुखणं आणि ताण यातला फरक त्यांना विचारायचा, आपण ठरवायचा नाही. हे शेवटचं तिने वहीत खाली रेघ मारून लिहून दिलंय.

आता मी रिक्षाने भाईंदर गाठते आणि तिथून उत्तनची बस. खिडकी मिळाली तर मजा येते. वर्गातल्या बायांना पहिल्यांदा शंका होती, हे तुमच्या देवाचं तर नाही? बर्नडेट चर्चमध्ये विचारून आली. फादरने तिला विचारलं म्हणे, करून झोप लागते का? ही म्हणाली, लागते. ‘तर बोलले, मग करा. रविवारी चर्चात मिस्साला जाग्या रावा म्हनजे झालं.’ शेवटी सुरुची ॐ म्हणायला लावायची, त्याऐवजी मी म्हटलं, ज्याला जे म्हणायचं ते तोंड मिटून म्हणा. सहाजणी सहा तऱ्हेने गुणगुणतात. बर्नडेटचा नवरा अल्फान्सो जाळं विणता विणता म्हणतो, लाँचचं इंजिन चालू झालं.

हे सगळं मंगळवारी आणि शुक्रवारी. आठवड्याला आणखी पाच दिवस असतात, ते मला आधी ठाऊक नव्हतं.

सुरुची असताना हॉलमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचो. ती तिच्यावर, मी माझ्यावर. अजून त्या तशाच आहेत. परवा रिकाम्या खुर्चीला सांगत होते, खांदे खाली, कानापासून लांब. शेजारच्या गुजराती भाभीने दारातून विचारलं, ‘कौन आया है मांजी?’ मी म्हटलं, कोई नहीं, क्लास की तैयारी. ती गेली. मग मी उगाच कुकरला चार शिट्ट्या जास्त दिल्या.

आई


२ मार्च २०२५, रविवार

शैला,

आज गमतीचं काही नाही. तरी वाच.

वर्गाला एक नवी आलीय, जोआन. बर्नडेटची धाकटी जाऊ, चाळिशीची असेल. दोन वर्षांपूर्वी वरसाव्याच्या पुलाजवळ स्कूटर घसरली आणि उजवा पाय गेला तो अर्धाच परत आला. काठी घेऊन चालते. बोलते कमी, पण डोळे सगळीकडे. बसून करायचं सगळं ती छान करायची, श्वास तर सगळ्यांत लांब तिचा.

मागच्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी मी सगळ्यांना उभं केलं. खुर्चीची पाठ धरायची आणि टाचा उचलायच्या, एवढंच. जोआनही उठली. काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही हातांनी पाठ धरली. आणि माझ्या तोंडून गेलं, ‘तू बस गं. तुला नाही जमायचं.’

ती बसली.  मी पुढे टाचा मोजत राहिले.

मंगळवारी ती आली नाही, शुक्रवारीही नाही. मी बर्नडेटला विचारलं, रागावली का? बर्नडेट म्हणाली, ‘रागावली न्हाय. पन जाताना तिची खुर्ची घरी घेऊन गेली.’

बसमध्ये परत येताना तेवढंच डोक्यात. सहाच खुर्च्या राहिल्या.

तुला कळलं असेल मी हे का लिहितेय. नीलमच्या मंगळागौरीला तीन वर्षं होतील श्रावणात. माझी मोठी नात, नव्या नवरीची पहिली मंगळागौर, सगळं घर बायकांनी भरलेलं. झिम्मा झाला, मग फुगडी. नीलमने तुझ्यापुढे हात केले. म्हणाली, आत्या, ये. तू काठी भिंतीला टेकवलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो शैला, सत्तेचाळीस वर्षांची बाई आणि चेहरा शाळेतल्या मुलीचा. तेवढ्यात मी म्हटलं, ‘तू बस. पडशील, चारचौघांत शोभा होईल.’  तू बसलीस. जेवली नाहीस. मी पानं वाढेपर्यंत तू निघून गेली होतीस.

इतके दिवस मी सगळ्यांना हेच सांगितलं की मला काळजी वाटली, पोर पडली असती तर. ते खरं नाही. तू कितीदा पडलीस आणि कितीदा आपली आपण उठलीस हे मला माहीत आहे. मला भीती तू पडण्याची नव्हती. लोक बघतील याची होती.

आणखी एक आहे. ते लिहावं की नाही म्हणून मधे उठून दोनदा चहा केला. शाळेत पी.टी.च्या तासाला तुला सगळ्यांच्या दप्तरांजवळ राखणीला बसवायचे. तू रडत घरी यायचीस, सर दुष्ट आहेत म्हणायचीस. मी म्हणायचे, जाऊ दे गं, सर असेच असतात. सरांनी नव्हतं बसवलं. पोलिओचा पाय आहे, हिला खेळायला घेऊ नका, बाजूला बसवा, असं मीच जाऊन सांगून आले होते. सरांनी उलट विचारलं होतं, तिला थोडं थोडं घेऊ का? मी नको म्हटलं.

बिचारे सर. चाळीस वर्षं माझ्या वाटच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या.

हे पत्र पेटीत टाकेपर्यंत माझा धीर राहो.

आई


२३ मार्च २०२५, रविवार

शैला,

तू वाचतेस की फाडतेस, मला कळायला मार्ग नाही. परत आलेलं एकही नाही, तेव्हा तुझ्या घरात ती पत्रं शिरली तरी आहेत. मी तेवढ्यावर चालवते.

मी जोआनकडे गेले होते. बर्नडेटच्या मागच्या गल्लीत घर, दारातच ती खुर्ची. ती खुर्चीत आणि मी उंबऱ्याबाहेर उभी. बस म्हणाली नाही, आणि बरोबरच आहे. मी म्हटलं, चुकले मी. तुला विचारायला हवं होतं, मी परस्पर ठरवून टाकलं. ती म्हणाली, ‘टीचर, पाय माझा हाय. पडला तर मी पडीन, तू का पडते?’

 मी विचारलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, चालायचंय. चर्चच्या पायरीपर्यंत, कुणाचा हात न धरता. ईस्टर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे, त्याच्या आत. मी म्हटलं, मला चालायचं शिकवता येत नाही, पण तुझ्याबरोबर चालता येईल. त्यावर तिने आत आवाज दिला आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

मंगळवारी तिने खुर्ची परत आणली. सात झाल्या.

आता वर्ग संपला की आम्ही दोघी अंगणात चालतो. तीन पावलं श्वास आत, तीन पावलं बाहेर. त्यांचा उपासाचा महिना चालू आहे, पण मासळी चालते म्हणे, त्यामुळे बर्नडेट खूश आहे. अल्फान्सो उपडा क्रेट घेऊन बसतो, आमची पावलं मोजतो आणि चुकीची मोजतो.

पण मनासारखं होत नाही गं. जोआन डुगडुगते. काठी मी तिला उजव्याच हातात धरायला लावते, दुखऱ्या पायाच्या बाजूला. जिकडची भिंत कच्ची तिकडेच टेकू द्यायचा, हे कुणालाही कळतं. ती सारखी हात बदलायला बघते, मी बदलू देत नाही. तुझीही तीच खोड होती, आठवतं? तुझा पाय डावा, आणि तू काठी उजव्या हातात घ्यायचीस. मी हातावर चापट देऊन परत डाव्या हातात द्यायचे. मी तिला सांगितलं, सवय लागेपर्यंत त्रास होणार. पण चार पावलांत ती दमते, कंबर एका बाजूला पडते. सुरुचीला विचारावं म्हटलं तर तिला रविवारीच वेळ असतो, आणि त्या दहा मिनिटांत ती मलाच विचारत बसते, जेवलीस का, काय जेवलीस. मी रोज दोन भाज्या सांगते. एकीच्या पानात दोन भाज्या कोण करतं?

ईस्टरला चार आठवडे आहेत. ती चर्चपर्यंत गेली नाही तर ते माझ्यामुळे असेल, हे मला दिसतंय, पण चूक कुठे आहे ते दिसत नाही.

बाकी बरं आहे. तुझ्या खोलीतलं कपाट आवरलं. तुझा लहानपणचा पायाचा कॅलिपर सापडला, चामड्याचे पट्टे कडक झालेत. त्यांना थोडं खोबरेल लावून ठेवलं. कशाला लावलं, मला विचारू नको.

आई


१२ एप्रिल २०२५, शनिवार

शैला,

तुझं कार्ड सोमवारी आलं.

पत्रपेटीपाशी चष्मा नव्हता. लिफ्टची वाट न बघता जिना चढले, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. कार्डावर मायना नाही, खाली सही नाही. अक्षर बघूनच कळलं. मी इतक्यांदा वाचलं की आता न बघता लिहिते.

‘काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते. तिचा पाय उजवा, तर काठी डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचे, मग चांगला पाय. तेव्हाही मी हेच सांगत होते.’

आधी मी यांची जुनी छत्री घेतली आणि हॉलमध्ये चालून बघितलं. उजवा पाय लंगडा धरला. छत्री उजव्या हातात घेतली तर सगळं अंग त्याच पायावर कलतं. डाव्या हातात घेतली तर भार मधे येतो. अडीच मिनिटांत कळलं शैला. तू सात वर्षांची होतीस तेव्हा, एक छत्री घेऊन अडीच मिनिटं चालले असते तर तेव्हाही कळलं असतं. तुझी ती खोड नव्हती. तुझ्या पायाने तुला शिकवलं होतं आणि मी त्याच्यावर चापट मारत होते.

मंगळवारी उत्तनला गेले आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच जोआनला म्हटलं, हात बदल. ती म्हणाली, ‘तूच तर बदलू देत नव्हतीस.’ मी म्हटलं, मी चुकीचं शिकवलं. दारापासून अंगणातल्या माडापर्यंत अकरा पावलं आहेत. ती गेली, वळली आणि परत आली. कंबर सरळ. अल्फान्सोने या खेपेला बरोबर मोजली. मग ती परत गेली, आणि परत आली.

काल बर्नडेट आणि मी मागे राहिलो, दहा पावलं अंतर ठेवून, आणि जोआन गल्लीतून चर्चच्या पायरीपर्यंत एकटी गेली. पायरीवर बसली आणि घाम पुसला. ईस्टर आठ दिवसांवर आहे, तिला कळलंय आता की होतं. उद्यापासून त्यांचा पवित्र आठवडा, वर्गाला सुट्टी.

पायरीवर तिने विचारलं, कुणी सांगितलं तुला हे? मी म्हटलं, माझ्या मुलीनं. बर्नडेट माझ्याकडे वळली, आता तिची मान वळते. म्हणाली, ‘तुला मुलगी हाय? वीस वर्षं मासळी देते, पोराचं सांगते, नातीचं सांगते. हिचं कधी बोलली न्हाय.’

 मी म्हटलं, आहे. तुमच्या टीचरची टीचर.

रात्री रविवारची वाट न बघता सुरुचीला फोन लावून सगळं सांगितलं. तीही म्हणाली, हो आजी, काठी दुसऱ्याच बाजूला असते, आम्हाला शिकवलंय. मला आधी का नाही विचारलंस? मी म्हटलं, बरं झालं नाही विचारलं. विचारलं असतं तर कार्ड आलं नसतं.

मागच्या पत्रांत मी तुझी माफी मागितली का, हे आठवत नाही. कबुली दिली असेल, ती वेगळी. आता मागते. ये असं म्हणत नाही, फोन कर असंही म्हणत नाही. उत्तनला एक आठवी खुर्ची लागेल, हेही तुला सांगत नाही.

फक्त एक विचारते. कार्डावर तू लिहिलंस, तेव्हाही मी हेच सांगत होते. सांगत होतीस, मी बघितलं होतं, ऐकलं नव्हतं. म्हणजे आणखीही पुष्कळ काही सांगत असशील. पट्टे कुठे काचायचे ते, शाळेत कुठल्या जिन्याने जायचं नव्हतं ते, फुगडी एका पायावर कशी घालतात तेसुद्धा तू मनात ठरवून ठेवलं असशील. कार्डावर मावेल तेवढं लिही. पुढचं पुढच्या कार्डावर. गुळाचा ऊकार चुकला असेल तर तोही लिही.

हॉलमधल्या खुर्च्या अजून समोरासमोर आहेत. मी माझ्या खुर्चीवर बसलेय. आता मी बसते, तू सांग.

आई